सिंगळीक कुळगीला का आणत नाहीत?

दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्याला लागलं की वाटेत कुळगी येतं. कर्नाटक वनखात्याचं निसर्ग शिबिर, सागाचे सरळसोट बुंधे, बांबूची बेटं आणि माकडं. स्वयंपाकघराच्या आसपास घोटाळणारी, डोक्यावर केसांची टोपी मिरवणारी केलडी आणि त्यांच्याशी फारसा संबंध न ठेवता वर पाला ओरबाडत बसलेली काळ्या तोंडाची वानरं. जोयडा तालुक्यात वाघ, काळा बिबट्या आणि धनेश बघायला आलेला पुणेकर किंवा बेळगावकर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यातला एखादा जाणता पाहुणा मात्र विचारतोच: सिंहासारखी आयाळ असलेलं ते दुर्मीळ माकड याच जिल्ह्यात आहे ना? प्राणिसंग्रहालयांत त्याची पैदास करतात म्हणे. मग चार जोड्या आणून इथे का सोडत नाहीत?

प्रश्न भाबडा वाटतो, पण जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी एकेकाळी नेमका हाच बेत मनात धरला होता.

हे माकड म्हणजे सिंहपुच्छ माकड. मलनाडात त्याला सिंगळीक म्हणतात, तेच नाव इथे सोयीचं. अंग काळंभोर, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. नराचं वजन पाच ते दहा किलो, मादी त्याहून बरीच हलकी. जगात हा प्राणी फक्त पश्चिम घाटात, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या सदाहरित जंगलांत आहे. रानातली एकूण संख्या चार हजारांच्या आसपास धरतात. त्यांतली सगळ्यांत उत्तरेकडची मोठी वस्ती उत्तर कन्नड जिल्ह्यातच, शिरसी, सिद्दापूर आणि होन्नावरच्या मधल्या घाटात, अघनाशिनी नदीच्या खोऱ्यात आहे. कुळगीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्याही आत.

जुन्या नोंदींत त्याच्या पट्ट्याची उत्तर सीमा आणखी वर, अणशी घाटापर्यंत दाखवलेली आढळते. म्हणजे आजच्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आत. तेव्हा ‘इथे सोडा’ म्हणणाऱ्याच्या बाजूनं इतिहास थोडाफार आहे. पण अणशी आणि कुळगी एकाच व्याघ्र प्रकल्पात असली तरी ती एकच जंगल नव्हेत. अणशीच्या बाजूला घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो, तिथे सदाहरित रान आहे. कुळगी पूर्वेकडे कलतं. इथे ऐन, किंदळ, नाणा, बांबू आणि भरपूर साग. त्यातला पुष्कळसा वनखात्यानं लावलेला. माघ-फाल्गुनात ही झाडं निष्पर्ण होतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. वानरांचं त्यानं अडत नाही, कारण त्यांचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं आणि जून पाला, बिया, काहीही त्यात मुरतं. केलडं जमिनीवर उतरून माणसाच्या ताटातलं उचलतं. सिंगळीक यांतलं काहीच करत नाही. त्याला वर्षाचे बाराही महिने फळं आणि किडे लागतात, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाय जमिनीला लागू नये अशी फांद्यांची सलग वाट लागते. म्हणून पाहुण्याला पहिलं उत्तर असं की, कुळगीच्या सागवनात सोडलेला सिंगळीक पहिल्या उन्हाळ्यातच उपाशी मरेल.

पण समजा, आपण तो कुळगीत न सोडता अणशीच्या ओल्या रानात सोडला. मग?

इथे थोडं मागे जावं लागतं. 1970 च्या दशकात स्टीव्हन ग्रीन आणि कॅरन मिंकोव्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी सिंगळीकांचा शोध घेतला आणि रानात जेमतेम चारशे उरले असावेत असा अंदाज मांडला. हा आकडा जगभर पोचला. केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या धरणाविरुद्धच्या लढ्यात सिंगळीक चेहरा बनला. 1983 मध्ये तो प्रकल्प सोडून देण्यात आला आणि पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच सुमाराला, 1982 मध्ये, बाल्टिमोरला सिंगळीकावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत तेव्हा हे माकड होतंच. रानात चारशेच उरले असतील तर पिंजऱ्यांतला साठा वाढवून ठेवावा आणि वेळ आली की परत सोडावा, असा विचार पुढे आला. त्याला नोहाच्या तारवाची उपमा देण्याची तेव्हा रीतच पडली होती.

मग पैदाशीचं शास्त्र कामाला लागलं. हा भाग बाहेरच्यांना फारसा माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दुर्मीळ प्राण्याची पैदास म्हणजे नर-मादी एकत्र ठेवणं नव्हे. तिचा पाया म्हणजे वंशनोंदवही. जगातल्या प्रत्येक बंदिस्त सिंगळीकाला तीत क्रमांक असतो. आई कोण, बाप कोण, जन्म कधी, कुठून कुठे गेला, मेला कशानं, हे सगळं लिहिलेलं असतं. त्यावरून कोणाचं रक्त साठ्यात जास्त झालंय आणि कोणाचं दुर्मीळ उरलंय याचा हिशेब मांडतात. ज्याचे नातेवाईक कमी, त्याला पिल्लं होऊ द्यायची. ज्याचे भाऊबंद ढीगभर, त्याला थांबवायचं. शंभर वर्षांनंतरही मूळ जनुकीय विविधतेतली नव्वद टक्के शिल्लक राहावी, असं उद्दिष्ट अशा कार्यक्रमांत सहसा धरतात. सोयरीक जुळवणाऱ्या एखाद्या खमक्या मावशीकडेही इतकी बारीक माहिती नसते.

सिंगळीकांनी साथ दिली. रानातल्या मादीला पहिलं पिल्लू सहा वर्षं उलटून गेल्यावर होतं आणि दोन पिल्लांत अडीच-एक वर्षांचं अंतर पडतं. पिंजऱ्यात रोज आयतं मिळू लागल्यावर हेच वेळापत्रक अलीकडे सरकलं. पाहता पाहता जगभरच्या संग्रहालयांतली संख्या पाचशेच्या आसपास पोचली. आणि मग अडचण अशी उभी राहिली, जिचा बाल्टिमोरमध्ये फारसा कोणी विचार केला नव्हता: इतकी माकडं ठेवायची कुठे? पिल्लांत साधारण निम्मे नर. एका कळपाला वयात आलेला एक नर पुरतो. दुसरा आला की रक्तपात ठरलेला. जादा नरांसाठी स्वतंत्र पिंजरे लागले. माद्यांना संततिनियमनाची औषधं द्यायला सुरुवात झाली. दुर्मीळ म्हणून वाढवायला घेतलेल्या प्राण्याची वाढ दुर्मीळ म्हणूनच रोखायची, असा तो उफराटा प्रकार होता. पिल्लं थांबलेल्या कळपात पुढच्या मुलींना आई होताना पाहायलाच मिळत नाही. त्या मोठ्या झाल्यावर पहिल्या पिल्लाला कसं धरायचं ते त्यांना कळत नाही, आणि काही माद्या पुन्हा लवकर गाभण राहतच नाहीत.

जर्मनीचे वेर्नर काउमान्स आणि म्हैसूर विद्यापीठाचे मेवा सिंह यांनी सिंगळीकांच्या बंदिस्त कळपांवर बरीच वर्षं लिहिलं आहे. त्यांचा मुख्य मुद्दा मला पटतो. सिंगळीकांच्या कळपात माद्या जन्मभर एकत्र राहतात. आजी, आई, मावशी, मुली. बाहेर जातो तो नर. तेव्हा संग्रहालयांनीही हलवायचा असेल तर नर हलवावा, माद्यांची साखळी तोडू नये. नोंदवहीतल्या हिशेबासाठी इथली मुलगी तिकडे आणि तिकडची इकडे करत गेलं की कागदावर रक्त सुधारतं, पण कळप मोडतो. मोडक्या कळपात वाढलेलं पिल्लू दिसायला सिंगळीकच असतं. वागण्याची त्याला खात्री नसते.

अमेरिकेत त्यात आणखी एक भीती मिसळली. सिंगळीक ज्या मॅकाक गटातला आहे, त्या गटातल्या माकडांमध्ये हर्पीस-बी नावाचा विषाणू असू शकतो. माकडाला तो फारसा त्रास देत नाही, पण माणसाला जडला तर मेंदूपर्यंत जातो. 1997 मध्ये तिथल्या एका संशोधन केंद्रात माकडाच्या अंगचा द्रव डोळ्यात उडून एका तरुण कर्मचारी मुलीचा मृत्यू झाला. असे मृत्यू अत्यंत विरळ, पण प्राणिसंग्रहालयं विमा आणि कोर्टकचेऱ्यांना घाबरतात. तिथली सिंगळीकांची संख्या हळूहळू आटत गेली.

इकडे रानात वेगळंच घडत होतं. भारतीय अभ्यासक जंगलं पायाखाली घालू लागले, आणि जिथे थोडेच असतील असं वाटलं होतं तिथे कळप सापडले. होन्नवळ्ळी कुमार आणि मेवा सिंह यांच्या पाहणीत शिरसी-होन्नावरच्या पट्ट्यात तीसेक कळप निघाले. तारू भरण्याची घाई ज्या चारशेच्या आकड्यावर झाली होती, तो आकडा कमी पडला होता. माझ्या मते या सगळ्या कथेतली सगळ्यांत महाग वस्तू हीच: घाटात चालून केलेली मोजणी. ती पंधरा वर्षं आधी झाली असती, तर कित्येक पिंजरे बांधावे लागले नसते.

परत सोडण्याचं म्हणाल, तर परदेशी संग्रहालयांतले सिंगळीक पश्चिम घाटात आणून सोडण्याचा बेत प्रत्यक्षात आलाच नाही. का आला नाही, हे ब्राझीलकडे पाहिलं की कळतं. तिथल्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या जंगलात सोनेरी सिंह टॅमरिन नावाचं खारीएवढं, केशरी आयाळीचं माकड आहे. 1970 च्या दशकात ती जवळपास दोनशेच उरली होती. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या डेव्हरा क्लायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी पैदास जमवली आणि 1984 पासून संग्रहालयात जन्मलेले टॅमरिन ब्राझीलच्या रानात सोडायला सुरुवात केली. पहिल्या तुकड्यांची दैना झाली. या माकडांनी आयुष्यभर पक्क्या बसवलेल्या दांड्यांवर उड्या मारल्या होत्या. रानातली फांदी वाकते, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. अन्न वाटीत मिळे. सालीखाली बोटं घालून किडा काढावा लागतो हे त्यांना माहीत नव्हतं. काही वाट चुकली, काही उपाशी राहिली, काही भक्ष्य झाली.

मग सोडण्याआधी त्यांना झाडावर फिरण्याचं, लपवलेलं खाणं शोधण्याचं शिक्षण देऊन पाहिलं. गंमत अशी की त्या शिक्षणाचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सोडल्यानंतर कित्येक महिने रानात खाणं ठेवण्याचा, जखमींना उचलून बरं करण्याचा, आणि रानात जन्मलेल्या पिल्लांचा. पिल्लं आईबापांपेक्षा लवकर शिकली. सुमारे दीडशे टॅमरिन असे सोडले गेले. त्याच काळात, 1990 च्या दशकात, तुकड्या तुकड्या झालेल्या रानांत अडकलेली सहा कुटुंबं, एकूण 42 माकडं, उचलून उनियाओ नावाच्या मोकळ्या जंगलात नेली. ही माकडं रानातलीच होती. त्यांना कोणी काही शिकवावं लागलं नाही. ती तिथे रुजली आणि वाढत गेली. 2016 नंतर पीतज्वराच्या साथीनं या सगळ्या मेहनतीतला मोठा हिस्सा गिळला, तरी 2023 च्या मोजणीत संख्या 4,800 पर्यंत पोचली होती.

ब्राझीलला हे जमलं त्याला पैदास कारण होतीच, पण तिथल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर झाडांचे पट्टे जोडून दिले, महामार्गावरून माकडांसाठी झाडांचा पूल बांधला गेला, म्हणून ते टिकलं. माकडं सोडण्याआधी त्यांना सोडायला जागा लागते. सिंगळीकांच्या बाबतीत अडचण नेमकी तिथेच होती: जिथे जंगल चांगलं, तिथे बहुधा सिंगळीक आधीच होते, जिथे ते नव्हते, तिथे का नाहीसे झाले ते कारण अजून तसंच होतं. भरलेल्या रानात परकी माकडं सोडणं म्हणजे तिथल्या कळपांशी मारामारी लावून देणं.

भारतातली व्यवस्था तुलनेनं उशिरा लागली. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये स्थापन झालं. सिंगळीकांच्या संवर्धन-पैदाशीची जबाबदारी चेन्नईजवळच्या वंडलूरच्या अरिज्ञर अण्णा उद्यानाकडे आणि सोबत तिरुवनंतपुरम व म्हैसूरकडे आली. म्हैसूरचं संग्रहालय 1892 चं. त्यांनी शहराबाहेर कूरगळ्ळीला बचाव केंद्रही उभं केलं. आपल्याकडच्या संग्रहालयांतला खरा प्रश्न पैदाशीआधीचा आहे. पुष्कळ सिंगळीक कोणाच्या तरी घरातून, खेळवाल्याकडून, सापळ्यातून सोडवून आणलेले. 1998 च्या अधिसूचनेनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद झाले, ते बरंच झालं. पण वर्षानुवर्षं साखळीला बांधलेलं, माणसांतच वाढलेलं माकड कळपात ठेवायचं कसं? एकटं ठेवलेलं माकड पिंजऱ्यात त्याच त्या रेषेवर येरझारा घालतं, स्वतःचे केस उपटतं, स्वतःला चावतं. अवंती मल्लापूर यांनी भारतीय संग्रहालयांतल्या सिंगळीकांवर केलेल्या अभ्यासात हे वागणं नीट नोंदलं आहे.

अशा एकट्याचं पुनर्वसन हे सावकाशीचं काम. आधी विलगीकरण, क्षयाची तपासणी. माणसाचा क्षय माकडाला सहज लागतो, आणि तपासणीची सुई पापणीत टोचतात, कारण सूज आलेली दुरूनही दिसते. मग जाळीच्या पलीकडे दुसरं माकड. आधी नुसतं बघणं, मग वास घेणं, मग जाळीतून बोटं घालून एकमेकांच्या केसांत उवा शोधणं. केस विंचरू दिले की निम्मं काम झालं. दार उघडायचं ते त्यानंतर, भरपूर आडोसे असलेल्या जागेत, म्हणजे हरलेल्याला पळायला वाट असते. हे माकड रानात कधीच जाणार नाही, पण त्याचं उरलेलं आयुष्य माकडासारखं जाईल. मला विचाराल तर प्राणिसंग्रहालयांचं सगळ्यांत सरळ, कोणताही गाजावाजा न करता होणारं काम हेच आहे.

‘सोडून द्या’ या सल्ल्याची दुसरी बाजू कुळगीच्या परिसरातल्या लोकांना चांगली माहीत आहे. गावातली, देवळाजवळची त्रासदायक केलडी पकडून जंगलात सोडण्याची पद्धत कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही जुनी. माकडं एका गावची दुसऱ्या गावच्या माथी मारली जातात. आणि माकडाबरोबर त्याच्या अंगावरच्या गोचिड्याही प्रवास करतात. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं फणफणली, तो माकडताप. गोव्यातल्या सत्तरीला 2015 मध्ये आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला त्याच्या आसपास तो पोचला, तेव्हा काजूच्या बागेत जाणारी माणसं आजारी पडली. सिद्दापूर तालुक्यात अजूनही तो अधूनमधून डोकं काढतो. केलडी आणि वानरं या तापानं मरतात. मेलेल्या माकडाच्या आसपास गोचिड्या पसरतात. माकडं हलवणाऱ्याला त्यांची जागा बदलल्याचं दिसतं. सोबत काय काय हललं ते नंतर कळतं. आणि ज्याला आपण उपद्रवी म्हणतो ते केलडंसुद्धा 2020 पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गटात आहे, हे स्वयंपाकघरातून पोळी पळवताना कोणाच्या लक्षात येणार!

अघनाशिनीच्या खोऱ्यात सिंगळीक का टिकले, याचं कारण पिंजऱ्यात सापडत नाही. तिथे सुपारीच्या बागा आहेत आणि बागेला पाला-पाचोळा देण्यासाठी राखलेली बेट्टं आहेत. दक्षिणेकडे सिंगळीक ज्या झाडांवर जगतात त्यांतली काही इथे नाहीत. इथे ते उंबर-वडाच्या जातीची फळं, भेरली माड, फणस अशा गोष्टींवर निभावतात. नव्वदच्या दशकात उप्पगीच्या, म्हणजे कोकमाच्याच कुळातल्या एका आंबट फळाच्या सालींना परदेशी वजन घटवण्याच्या औषधांमुळे अचानक भाव आला. लोकांनी फांद्या तोडून फळं पाडली. सिंगळीकही तीच फळं खातो. भाव उतरल्यावर ती घाई थोडी निवली. 2011 मध्ये कर्नाटक सरकारनं इथे सुमारे 300 चौरस किलोमीटरचं अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. 2019 मध्ये ते शरावती खोऱ्याच्या अभयारण्यात सामील होऊन एकूण 930 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. याच अभयारण्यातून शरावतीचा 2,000 मेगावॅटचा पाणी-साठवण वीजप्रकल्प नेण्याचा घाट घातला गेला आहे, आणि त्यावरून वाद पेटला आहे.

मग सिंगळीक अणशीला परत येऊच शकत नाही का? येऊ शकतो, पण तो आणायचा नाही, त्यानं यायचं. तरुण नर मूळ कळप सोडून बाहेर पडतातच. वाट सलग असेल तर त्यांच्यामागे पिढ्यांनी कळपही सरकतात. अघनाशिनीच्या उत्तरेला बेडती, तिच्या उत्तरेला काळी. बेडतीच्या खोऱ्यातही त्याच 2011 च्या सुमाराला एक संवर्धन क्षेत्र झालं आहे. नकाशावर हिरवा रंग जवळजवळ सलग दिसतो. जमिनीवर मात्र मध्ये हुबळी-अंकोला महामार्ग आहे, कैगा अणुवीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाब तारांखाली भादरलेले पट्टे आहेत, सागाची लागवड आहे. तमिळनाडूत वालपारईच्या चहामळ्यांत रस्त्यावरून सिंगळीकांसाठी झाडांना दोर आणि अग्निशमनाच्या जुन्या नळ्या बांधून पूल केले. माकडं ते वापरतात. महामार्गावर असं काही करता येईल. येल्लापूरच्या जंगलातून जाणाऱ्या, दीडशे किलोमीटरहून लांब हुबळी-अंकोला रेल्वेमार्गाचा प्रस्ताव मात्र वर्षानुवर्षं मंत्रालयं आणि न्यायालयांत फिरतो आहे. तो मंजूर झाला, तर बेडती आणि काळीच्या मधली ही वाट आणखी एका ठिकाणी तुटेल, आणि तिथे किती पूल बांधायचे, ते कुठे, आणि त्यांचे पैसे कोणी द्यायचे, हे प्रकल्पाच्या अटींत लिहून घेण्याची वेळ रूळ टाकण्याच्या आधीची असेल.